स्क्रू कोण फिरवतं?

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगानं एवढीशी, पण कुणी चावा घेतला की नाकाडोळ्यांतून पाणी, म्हणून आजोबांनीच ते ठेवलं आणि मग घरादाराला तेच लागलं. शाळेत गणिताच्या बाईंशी तिचं वाजलं, त्या दिवशी ती दप्तर बाकावरच टाकून घरी आली आणि ते आणायलासुद्धा परत गेली नाही. आता अठरा पूर्ण झालेली, खिशात कोरं करकरीत लायसन्स, आणि डोक्यावर मोठ्या काकांचं चपलांचं दुकान.

डोक्यावर म्हणजे टांगतं. सगळ्या घराचं म्हणणं, पोरगी रिकामी बसण्यापेक्षा काकांच्या दुकानात बसू दे. तिथं बुटक्या स्टुलावर बसायचं, लोकांचे पाय आपल्या मांडीवर घ्यायचे आणि "अंगठ्याला चावत नाही ना हो?" असं गोड आवाजात विचारायचं. गोड आवाज हा प्रकार लवंगीच्या गळ्यात बसवायचाच राहून गेला होता. एकदा सुट्टीत ती तिथं बसली, तर एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "आधी पाय धुऊन या, मग नंबर सांगते." गिऱ्हाईक पाय धुवायला गेलं ते परत आलं नाही. काका घरचे म्हणून गप्प बसले.

तर त्या स्टुलापासून वाचायचा एकच रस्ता होता, आणि तो चढाच्या पलीकडे बेकरीला जात होता.

बेकरीवाल्या बाईंचा ड्रायव्हर काम सोडून गेला होता. रोज पहाटे भट्टीतून निघालेला पाव गावभरच्या दुकानांत पोचवायचा. व्हॅन ज्याची असेल त्याला काम. लवंगीच्या घरी व्हॅन होती. आजोबांनी तरुणपणी घेतलेली, एकेकाळची निळी, आता कुठला रंग म्हणायचा यावरून भांडण होईल अशी. लवंगी बाईंना जाऊन भेटली. बाई धिप्पाड, कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या, बोलताना हात कधी थांबायचे नाहीत.

"व्हॅन जुनी आहे," बाई खिडकीतून बघत म्हणाल्या.

"चालते पण."

"चालते ते दिसतंय. थांबते का?"

"म्हणजे ब्रेक?"

"ब्रेक नाही गं. माझ्या कामात गाडी चालण्यापेक्षा थांबतेच जास्त. दुकान आलं, थांबली. ट्रे उतरले, पुढं. दुकान आलं, थांबली. तेवढ्या वेळात इंजिन चालू राहिलं पाहिजे. प्रत्येक दुकानाशी ती बंद पडली आणि तू चालू करत बसलीस, तर शेवटच्या माणसाला पावाऐवजी दगड मिळतो. सोमवारी सकाळी मी स्वतः शेजारी बसते. एकदाही बंद पडली नाही, तर काम तुझं."

"आणि पडली तर?"

"तर मी उतरून चालत येते. मला पाय आहेत."

घरी येऊन लवंगीनं हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "ठीक आहे. सोमवारी जमलं तर जमलं. नाहीतर मंगळवारपासून काका. कबूल?" लवंगी म्हणाली, "कबूल." आणि तशीच अंगणात जाऊन तिनं बोनेट उघडलं.

कारण बाईंना तिनं एक गोष्ट सांगितली नव्हती. व्हॅन चालायची झकास. थांबली की मरायची.

आता गाडी उभ्या उभ्या मरते म्हटल्यावर कुठं बघायचं ते लवंगीला पाठ होतं. आजोबांच्या शेजारी बसून बसूनच ती ते शिकली होती. कार्बोरेटर म्हणजे शेवटी हवा आणि पेट्रोल मिसळायचं भांडं. पेट्रोल जास्त झालं तरी गाडी गुदमरते, हवा जास्त झाली तरी मरते. आणि आत काय चाललंय ते प्लग काढून बघायचं. "प्लग म्हणजे गाडीची जीभ," आजोबा सांगायचे. "डॉक्टर आधी जीभ बघतो ना? तसं." काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा म्हणजे हवा जास्त. तांबूस असला की झाकण लावायचं आणि जेवायला जायचं.

तिनं प्लग काढला. काळा ठिक्कर. बोटाला काजळी लागली.

"खाऊन खाऊन सुस्तावलीय," ती म्हणाली आणि कामाला लागली. कार्बोरेटर उतरवला, परातीत ठेवला. आईची परात, पण आई मागच्या दारी होती. फ्लोट हलवून बघितला, त्यात पेट्रोल शिरलं नव्हतं. सुई नीट बसत होती. पेट्रोलची बारीक तोटी असते ते जेट काढून आकाशाकडे धरले, प्रत्येकातून टाचणीएवढा उजेड दिसला. सायकलच्या पंपानं ते फुंकले. सगळं परत जोडलं, प्लग घासून लावला, इंजिन चालू केलं आणि मिक्श्चरचा स्क्रू हळूहळू फिरवत आवाज ऐकला. हा स्क्रू आत गेला की पेट्रोल कमी, बाहेर आला की जास्त. मधे कुठंतरी एक जागा असते, तिथं इंजिन एकदम शांत घोरायला लागतं. ती जागा सापडली. व्हॅन अंगणात उभी राहून अशी घोरत होती की शेजारच्यांचं मांजर बोनेटवर येऊन झोपलं.

लवंगी खूश. परात धुऊन जागेवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती व्हॅन काढायला गेली. फाटकाशी थांबली, आणि फट् करून व्हॅन मेली. कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज.

प्लग काढला. पांढरा.

"काल काळा होतास ना रे?" तिनं प्लगला विचारलं.

प्लग काय बोलणार. एका रात्रीत खादाडाची उपासमार झाली होती. हवा कुठून शिरतेय म्हणून तिनं तेलाच्या रिकाम्या बुधलीनं सगळ्या सांध्यांवर पाणी टाकून बघितलं. कुठं आवाज बदलला नाही. पॅकिंग ठीक. पुन्हा परात, पुन्हा पंप, पुन्हा स्क्रू, पुन्हा घोरणं. मांजरसुद्धा आलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी व्हॅन चालू केली तर ती अंगणात उभी राहून अशी ओरडायला लागली, जसं कुणी आत बसून पाय दाबून धरलाय. रेस कमी होईना. स्क्रूनं कमी केली तर धाप लागून बंद. आणि प्लग? पुन्हा काळा.

लवंगीनं टायरला लाथ मारली. मग पाय धरून एका पायावर अंगणभर नाचली.

"काय झालं गं?" आईनं खिडकीतून विचारलं.

"काही नाही! माझं नशीब फुटलं!"

"बरं. ती माझी परात दे मग."

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला तिनं नाइलाजानं बोलावलं. त्यानं बोनेटमध्ये डोकावून जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. "कार्बोरेटर बाद झालाय. नवा टाका."

"मिळतो?"

"नाही मिळत."

"मग सांगता कशाला?"

"विचारलं म्हणून," तो म्हणाला आणि चहा न घेताच गेला, कारण लवंगीनं विचारलाच नाही.

तो गेल्यावर ती बोनेटवर कोपरं टेकून नुसती बघत राहिली. रागानं बघत होती, पण बघत होती. तिचे डोळे तिच्या तोंडापेक्षा बरे होते, असं गणिताच्या बाईसुद्धा मान्य करायच्या. आणि बघता बघता तिला मिक्श्चरच्या स्क्रूचं डोकं दिसलं. तिचा स्वतःचा स्क्रूड्रायव्हर बारीक, काडीसारखा. पण स्क्रूच्या खाचेचे दोन्ही काठ रुंद पात्यानं चेपलेले होते, आणि चेपलेल्या जागी पितळ नवं चकाकत होतं.

ती सावकाश सरळ झाली. घरात गेली. आईची नेलपॉलिश घेऊन आली. स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या बॉडीवर एक सरळ लाल रेघ ओढली आणि फुंकर मारून वाळवली. स्क्रू हलला तर रेघ तुटणार. मग बोनेट हळूच लावलं आणि दिवसभर इतकी शहाण्यासारखी वागली की बाबांनी तिला ताप आहे का विचारलं.

रविवारी उजाडता उजाडता ती अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या चादरीमागं उभी राहिली. चादर ओली होती, थंडी वाजत होती, आणि जो कुणी असेल त्याचं काय काय करायचं याची मनात उजळणी चालली होती. शेजारच्यांचा धाकटा? तो गॅरेजवाला? काकांनीच तर कुणाला पाठवलं नसेल?

दार वाजलं. आजोबा आले. केस नीट विंचरलेले, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बोनेट उघडलं, खिशातून रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर काढला, आणि वाकले.

"आजोबा!"

आजोबांनी स्क्रूड्रायव्हर पाठीमागं लपवला. "काय गं? चादरीत काय करतेस?"

"मी काय करते? तुम्ही काय करताय?"

"मी होय? मी जरा हवा खातोय."

"बोनेटमध्ये डोकं घालून?"

"हे बघ, ओरडू नकोस. लोक झोपलेत. जरासाच आवळला. रोज सकाळी इथं पेट्रोलचा वास सुटतो, कळतं का तुला? ती पितेय. पितेय म्हणजे ढोसतेय! आणि प्लग बघ, काळा. तुला किती शिकवलं, तरी तू मिक्श्चर सैलच ठेवतेस. मग मीच म्हटलं, पोरीला कशाला बोलायचं, आपलं आपण जरासं..."

"रोज?"

"रोज म्हणजे... हो. रोजच."

तेवढ्यात तोंडात ब्रश आणि ओठांवर फेस घेऊन बाबा बाहेर आले. "अण्णा, तुम्ही आवळता?" त्यांनी फेस थुंकला. "तुम्ही आवळता! म्हणून ती थांबली की मरते! आणि मी वेडा, रोज संध्याकाळी येऊन स्लोचा स्क्रू फिरवून रेस वाढवतोय!"

लवंगीची मान आजोबांकडून बाबांकडे फिरली. "बाबा, तुम्हीपण?"

"अगं, ती सारखी बंद पडत होती. रेस थोडी वाढवून ठेवली की बंद पडत नाही. तुला सांगितलं असतं, पण तू आधीच तापलेली असतेस. म्हटलं कशाला आगीत हात घाला."

"रेस वाढवून दुखणं जातं का? कुणी शिकवलं तुम्हाला?"

"अण्णांनी."

"मी असलं काही शिकवलेलं नाही," आजोबा म्हणाले. "तुला मी शिकवायचो तेव्हा तू पतंगाकडे बघत असायचास."

"अण्णा, आता पतंग मधे कशाला?"

"तूच मधे आलास! माझं आणि नातीचं बोलणं चाललं होतं."

"अहो, जरा हळू बोलाल का?" व्हॅनमधून आवाज आला.

तिघंही दचकले. आजोबांनी बोनेट खाली केलं, तर दवानं धुरकटलेल्या काचेपलीकडे आई. पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेली, हातात चहाचा कप, मांडीवर अर्धा विणलेला मोजा.

"आई, तू आत काय करतेस?"

"बसलेय. या घरात शांत बसायला दुसरी जागा आहे का? रोज सकाळी एवढा एक चहा मी इथं बसून पिते. आणि दुपारी तुम्ही सगळे झोपलात की दोन ओळी विणते. पिशवी कधी नेते, कधी इथंच राहते. त्यावरही आता पंचायत बसवा."

पण लवंगी आईकडे बघतच नव्हती. ती डॅशबोर्डकडे बघत होती. तिथं एका गोल काळ्या मुठीला आईची विणकामाची पिशवी अडकवलेली होती, लोकरीच्या गुंडाळ्यांनी टच्च भरलेली. तिच्या वजनानं मूठ चांगली बोटभर बाहेर ओढली गेली होती.

"आई, ती पिशवी कशाला अडकवलीयेस?"

"खुंटीला."

"ती खुंटी नाहीये! चोक आहे!"

"मग खुंटीसारखा कशाला केलाय?"

चोक ओढला की हवा बंद होते आणि नुसतं पेट्रोल जातं, हे लवंगीनं आईला तिथल्या तिथं, शेजारची दोन घरं जागी होतील अशा आवाजात समजावलं. आणि समजावता समजावता तिलाच सगळं उलगडत गेलं. आईची पिशवी, म्हणून प्लग काळा. प्लग काळा आणि पेट्रोलचा वास, म्हणून आजोबा आवळणार. आजोबांनी आवळलं आणि आईनं पिशवी काढली की प्लग पांढरा, म्हणून व्हॅन मरणार. व्हॅन मेली की बाबा रेस वाढवणार. आणि त्यानंतर ती स्वतः परात घेऊन येणार, सगळं खोलून, पुसून, जुळवून ठेवणार, की हे तिघं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"गाडी धडधाकट आहे!" ती किंचाळली. "बाधा तिला आपली झालीय! उद्या सोमवार आहे! उद्या! मी जाऊ का चपला घालायला लोकांना? जाऊ? एकानं तरी तोंड उघडून सांगायचं होतं की मी हात लावला! आणि आजोबा, तुम्ही तरी! हात बघा तुमचे, कसे थरथरतात. त्या थरथरत्या हातांनी कशाला शिवता? ठेवा तो स्क्रूड्रायव्हर आता!"

 बाबांच्या ब्रशवरचा फेस खाली पडला.

आजोबांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग स्क्रूड्रायव्हर मुठीकडून लवंगीपुढं केला. ती घेईना, तसा बोनेटवर ठेवला आणि आत गेले.

"हे बरं बोललीस," आई हळूच म्हणाली आणि पिशवी काढून घेतली.

लवंगीला लगेच वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की तिला आणखी राग यायचा, अशी तिची घडण. तिनं दिवसभर काम केलं. सगळं नव्यानं खोललं, जुळवलं. संध्याकाळी व्हॅन अशी काही घोरत होती की काय सांगावं. प्लग तांबूस. घरातल्या कुणीही अंगणात पाय ठेवला नाही. जेवताना आजोबा कुणाशी बोलले नाहीत, पण दोनदा चपाती घेतली, म्हणजे प्रकृतीला काही झालं नव्हतं.

सोमवारी उजाडायच्या आत ती व्हॅनपाशी. चालू केली. पहिल्याच फटक्याला. रेस ठीक. आवाज ठीक.

ठीक होता ना?

तिनं कान दिला. कुठंतरी बारीक, अगदी बारीक लटपट वाटली. इंजिन अजून गार होतं. गार इंजिन लटपटतंच, आणि हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण हात शिवशिवत होते, आणि काल बोनेटवरून उचलून डॅशबोर्डवर ठेवलेला आजोबांचा स्क्रूड्रायव्हर समोरच होता. "जरासाच," ती स्वतःशी म्हणाली, आणि स्क्रू आत घेतला. लटपट थांबल्यासारखी वाटली. मग आणखी जरासा. बोनेट लावलं, स्क्रूड्रायव्हर सीटशेजारी टाकला आणि निघाली.

बेकरीवाल्या बाई शेजारी बसल्या तशी व्हॅन त्यांच्या बाजूला कलली. मागं ट्रे रचलेले, सगळी गाडी पावाच्या वाफेनं भरलेली, काचांवर धुकं. पहिलं दुकान उतारावर होतं. थांबली. ट्रे उतरले. इंजिन चालू. दुसरं, चालू. बाई ओढणीनं काच पुसत होत्या. तिसऱ्या दुकानाशी इंजिन किंचित खाली गेलं, पण लवंगीनं हळूच पाय दाबला आणि सावरलं.

"पाय दाबलास," बाई म्हणाल्या.

"जरा."

"ट्रे उतरवायला तू मागं गेल्यावर पाय कोण दाबणार?"

लवंगीनं गिअर टाकला. आता इंजिन चांगलं तापलं होतं आणि आपण काय करून बसलोय ते तिला दर थांब्याला ऐकू येत होतं. तापल्यावर त्या व्हॅनला जेवढं पेट्रोल लागतं, तेवढं तिनंच तोडलं होतं.

चढाच्या अर्ध्यावर एक ट्रक आडवा लागून मागंपुढं करत होता. थांबावं लागलं. लवंगीनं ब्रेक दाबला. इंजिन एकदा हललं, दोनदा हललं, शिंकलं आणि गेलं.

किती शांत झालं. मागून एकानं हॉर्न दिला.

"थांबली," बाई म्हणाल्या.

लवंगीचा चेहरा कानापर्यंत लाल. सेल्फ मारला, फुर्रर्र करून परत मेली. मागं दुसरा हॉर्न. बाईंनी दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"घरात कुणीतरी हात लावला असणार," लवंगीच्या तोंडून निघून गेलं. "आमच्याकडे सगळ्यांना खोड आहे."

"कुणी?"

सोपं होतं. "आजोबांनी" म्हटलं असतं की झालं. आजोबांनी खरंच आवळला होता, एकदा नव्हे, रोज. बाई काय विचारायला जाणार होत्या? पण बोनेटवर ठेवलेला तो स्क्रूड्रायव्हर, आणि तो ठेवताना स्वतःच्या हातांकडे बघणारे आजोबा, दोन्ही एकदम तिच्या डोळ्यांसमोर आले.

"मी," ती म्हणाली. "मीच. आज सकाळी. काल संध्याकाळी एकदम बरोबर लावला होता. सकाळी इंजिन गार होतं, मी घाबरले आणि फिरवला. अक्कल गहाण टाकली होती."

बाईंनी दाराच्या मुठीवरचा हात काढला. "मग परत फिरव की."

"आत्ता? इथं?"

"नाहीतर काय, घरी नेऊन फिरवणार? माझा पाव गार होतोय."

लवंगीनं आजोबांचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि खाली उडी मारली. बाई स्वतः उतरल्या आणि त्यांनी एक दगड आणून मागच्या चाकाला लावला. मागच्या गाडीवाला खिडकीतून म्हणाला, "अहो, बाजूला घ्या ना खटारा!" तशी लवंगी बोनेटमधून ओरडली, "खटारा तुझ्या..." आणि बाईंकडे बघून थांबली.

"बोल बोल," बाई म्हणाल्या. "त्याला मी सांगते. तू हात चालव." आणि त्या मागं जाऊन त्या माणसाच्या खिडकीशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हॉर्न बंद झाला.

स्क्रू बाहेर. जरासा नाही, जेवढा हवा तेवढा. सेल्फ. इंजिन लागलं, थरथरलं. आणखी थोडा बाहेर. कान जवळ. आणि एका जागी येऊन व्हॅन एकदम शांत घोरायला लागली. लवंगीनं हात काढला. हात काढून मागं घेतला आणि खिशात घातला, कारण त्याचा तिला भरवसा नव्हता.

पुढची सगळी दुकानं झाली. कुठंही पाय दाबावा लागला नाही. एकदा तर बाई मुद्दामच एका दुकानदाराशी त्याच्या सुनेबद्दल उभ्या उभ्या गप्पा मारत बसल्या, तरी व्हॅन उभी आणि चालू.

परत बेकरीपाशी आल्यावर लवंगीनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. काम मिळालं का ते विचारायची तिची हिंमत होईना.

"एकदाही बंद पडायला नको असं म्हणाला होतात तुम्ही," ती शेवटी म्हणाली.

"म्हणाले होते."

"पडली."

"पडली. मला दिसलं." बाईंनी उतरून ओढणी झटकली. "माझा आधीचा ड्रायव्हर होता ना, त्याची गाडी नवी होती. ती बंद पडली की तो उतरून टायरकडे बघायचा आणि म्हणायचा, काही कळत नाही बुवा. आणि आम्ही दोघं उभे. उद्या ये. पहिला घाणा निघायच्या आत."

"म्हणजे काम माझं?"

"आता मी पाटी लावू का?" बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

लवंगी घरी आली तर फाटकाशी आई आणि बाबा. कुणी विचारायचं यावरून दोघांची ढकलाढकली चाललेली. "मिळालं," ती म्हणाली. आई म्हणाली, "मला माहीत होतं," जे साफ खोटं होतं. बाबा काकांना फोन करायला पळाले.

आजोबा ओट्यावर वर्तमानपत्र उघडून बसले होते. पान बराच वेळ तेच होतं. लवंगी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. बसली म्हणजे आदळली.

"चढावर मेली," ती म्हणाली.

वर्तमानपत्र हललं नाही. "मग? माझं नाव सांगितलंस?"

"सांगणार होते."

"आणि?"

"मी फिरवला होता. सकाळी. गार इंजिनवर."

आता वर्तमानपत्र खाली आलं. आजोबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. हसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, ते त्यांच्या मिशीवरून दिसत होतं. "गार इंजिनवर? तुला मी हेच शिकवलं?"

"नाही."

"आत घेतलास का बाहेर?"

"आत."

"गाढव आहेस."

"हो. आणि ते हातांचं... काल बोलले ते. ते तसं नव्हतं म्हणायचं."

"तसंच होतं म्हणायचं. थरथरतात तर थरथरतात." आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. "चढावर किती बाहेर काढलास?"

"मोजलं नाही. ऐकून लावला."

"हं." आजोबांनी व्हॅनकडे बघितलं. "ट्रे कोण उतरवतं मागं?"

"मीच."

"म्हणजे प्रत्येक थांब्याला गाडीत कुणीच नसतं. चालू इंजिन, आणि आत कुणी नाही. चोरानं नेली तर पावासकट जाईल."

लवंगीनं त्यांच्याकडे तिरपं बघितलं. "आजोबा, पहाटे उठावं लागतं."

"मी कधी झोपलेला असतो?"

"आणि नुसतं बसायचं. हात मांडीवर. दोन्ही."

"एक मांडीवर," आजोबा म्हणाले. "एक खिडकीबाहेर. मला वारा लागतो."

"बरं. खिडकीबाहेर चालेल. पण पुढं बोनेटकडे नाही."

"पुढं कशाला जातोय मी? पुढं तू आहेस ना मरायला," असं म्हणून आजोबा उठले आणि उद्याचा स्वेटर शोधायला आत गेले.